बर्फावरचे वादळ : हॉवी मॉरेन्झ

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते आणि मैदानावर मेजर ध्यानचंद. ते योग्यच आहे. पण उत्तरेकडे एक देश असा आहे, की तेथे हॉकी म्हटल्यावर कोणालाही मैदान आठवत नाही. आठवते ते गोठलेले पाणी. तो देश म्हणजे कॅनडा. पायांत धारदार पट्टीचे स्केट्स, हातात लांब काठी, चेंडूऐवजी 'पक' नावाची रबराची कठीण चकती आणि सभोवार लाकडी फळ्यांचे कुंपण, असा हा खेळ. ध्यानचंदांनी ज्या वर्षी, म्हणजे १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमचे ऑलिंपिक गाजवले, त्याच वर्षी कॅनडात एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला व्यावसायिक हॉकीतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. त्याचे नाव हॉवी मॉरेन्झ. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी ऐकलेले नसेल. तिकडे मात्र आजही ते आदराने घेतात.

हॉवीचा जन्म १९०२ सालचा, ऑन्टारिओ प्रांतातील मिचेल या लहानशा गावचा. घराणे मूळ जर्मन वंशाचे, परिस्थिती बेताची. गावाजवळून नदी वाहते आणि तिचे नाव चक्क टेम्स! इंग्रज जेथे गेले तेथे आपल्या नद्यासुद्धा बरोबर घेऊन गेले. हिवाळ्यात ही टेम्स गोठली की गावातली पोरे तिच्यावर उतरत. हॉवीच्या आईला वाटे, मुलाने पियानो शिकावा. ती त्याला शिकवणीला धाडी, आणि चिरंजीव परस्पर नदी गाठीत, असे सांगतात. पियानो काही त्याला आला नाही; पुढे युकुलेले हे छोटे तंतुवाद्य मात्र तो हौसेने वाजवीत असे.

१९१७ साली मॉरेन्झ कुटुंब जवळच्याच स्ट्रॅटफर्डला आले. हे नाव वाचून आपल्या इंग्रजी विभागातील मित्रांचे कान टवकारतील. शेक्सपिअरच्या गावावरूनच ते ठेवलेले आहे, नदीही एव्हनच. १९५३ पासून तेथे शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा महोत्सव भरतो. पण हॉवीच्या वेळचे स्ट्रॅटफर्ड हे नाटकांचे नव्हे, तर रेल्वेचे गाव होते. ग्रँड ट्रंक रेल्वेचा इंजिनदुरुस्तीचा प्रचंड कारखाना तेथे होता आणि गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटत असे. हॉवीही शिकाऊ कामगार म्हणून त्याच कारखान्यात लागला. दिवसा लोखंड आणि काजळी, संध्याकाळी बर्फ! अंगापिंडाने तो काही धिप्पाड नव्हता. पण स्केट्स चढवले की त्याच्या पायांत काही वेगळेच संचारत असे.

आता ज्या हंगामासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. तो हंगाम १९२०-२१ चा. स्ट्रॅटफर्डचा 'मिजेट्स' नावाचा ज्युनिअर संघ होता. ज्युनिअर म्हणजे विशीच्या आतली मुले. पगार नाही, करार नाही. कोणी शाळेतले, कोणी कारखान्यातले. प्रत्येक प्रांताची स्पर्धा वेगळी. प्रांत जिंकला की पूर्वेकडील विजेत्यांशी गाठ आणि तेथून तरले तर पश्चिमेच्या विजेत्याशी अखेरचा सामना. या अखेरच्या सामन्यासाठी १९१९ साली एक करंडक ठेवण्यात आला होता. त्याचे नाव मेमोरियल कप, स्मृतिकरंडक. कोणाची स्मृती? पहिल्या महायुद्धात जे हॉकीपटू युरोपात पडले त्यांची. ज्या वयात त्यांनी बंदुका उचलल्या साधारण त्याच वयाची मुले आता या करंडकासाठी काठ्या घेऊन धावत होती. मला हे वाचताना थोडे गलबलून आले.

त्या हिवाळ्यात अठरा वर्षांच्या हॉवीने ऑन्टारिओची रिंक दणाणून सोडली. त्याच्या खेळाची थोरवी कळण्यासाठी त्या काळचा एक नियम ध्यानात घ्यायला हवा. प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरल्यावर पक पुढच्या गड्याकडे ढकलण्यास तेव्हा बंदी होती; ती मुभा मोठ्या लीगमध्येसुद्धा १९२९ साली मिळाली. म्हणजे गोल करायचा तर पक काठीच्या टोकाशी खेळवीत, समोरच्या बचावपटूंना हुलकावण्या देत, स्वतःच आत घुसायचे. ज्याचा वेग अधिक तो राजा. आणि हॉवीचा वेग असा, की पुढे वृत्तपत्रांनी त्याला उल्केची आणि विजेच्या रेषेची उपमा दिली. मिजेट्सनी प्रांताचे अजिंक्यपद मिळवले, पूर्व कॅनडाही जिंकला, आणि मार्च १९२१ मध्ये ही रेल्वेगावची पोरे अंतिम सामन्यासाठी टोरांटोला पोहोचली.

समोर होता विनिपेगचा ज्युनिअर फाल्कन्स संघ. याच नावाच्या मोठ्यांच्या संघाने आदल्याच वर्षी, १९२० साली, अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले होते. तेव्हा धाकट्यांचा दरारा काय असेल हे सांगायला नको. पद्धत अशी होती, की दोन सामने खेळायचे आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज करून विजेता ठरवायचा. पहिल्या सामन्यात फाल्कन्सनी स्ट्रॅटफर्डचा ९-२ असा धुव्वा उडवला. सात गोलांची पिछाडी! अशा वेळी दुसरा सामना हा केवळ उपचार उरतो. पण मिजेट्सनी तो उपचार मानला नाही. दुसऱ्या सामन्यात त्यांनी त्याच फाल्कन्सना ७-२ असे लोळवले. बेरीज झाली ११-९. अवघ्या दोन गोलांनी करंडक विनिपेगला गेला. हॉवीने पुढे मोठमोठे करंडक जिंकले, परंतु हा एक त्याच्या वाट्याला कधीच आला नाही. त्याच्या चरित्रात या पराभवाला एखादी ओळ मिळते. मला मात्र वाटते, सात गोलांनी मागे पडल्यावरही जो सात गोल करून दाखवणाऱ्यांत होता, तो खरा हॉवी तेथेच दिसतो.

त्यानंतर तो मोठ्यांच्या हौशी संघातून आणि रेल्वे कामगारांच्या स्पर्धांतूनही खेळू लागला. रेल्वेच्याच एका सामन्यासाठी तो मॉन्ट्रियलला गेला असता त्याने एकट्याने नऊ गोल केले, असे सांगतात. बातमी मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचे चालक लिओ दांदुराँ यांच्या कानी गेली. १९२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपले सहकारी सेसिल हार्ट यांना स्ट्रॅटफर्डला धाडले. हॉवीवर थोडे कर्ज झाले होते. समोर पैसा आला, त्याने सही केली.

आणि येथे जे घडले ते खेळाडूंच्या चरित्रांत सहसा वाचायला मिळत नाही. काही दिवसांतच हॉवीने करारपत्र आणि ८५० डॉलर्सचा चेक पाकिटात घालून परत पाठवून दिला! घर आणि नोकरी सोडून येणे शक्य नाही, त्रासाबद्दल क्षमस्व, अशा अर्थाचे पत्र सोबत होते. दांदुराँनी त्याला मॉन्ट्रियलला बोलावून घेतले. हा वीस वर्षांचा गडी त्यांच्यापुढे अक्षरशः रडला. एवढ्या मोठ्या संघात आपला निभाव लागणार नाही, ही त्याची भीती होती. दांदुराँ बधले नाहीत. करार पाळला नाहीस तर यापुढे कोठेच खेळता येणार नाही, असे त्यांनी त्याला बजावले. एकदा व्यावसायिक करारावर सही केली की हौशी हॉकीचे दारही बंद होत असे. मागची वाट संपली होती. हॉवी मॉन्ट्रियलला गेला.

बहुतेक लेखक हा प्रसंग गमतीने सांगतात : पाहा, एवढा मोठा खेळाडू आणि भ्याला! मला त्यात गंमत दिसत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. प्रवेशाचा फॉर्म भरून झाल्यावर, तो परत मागून घ्यावा आणि गावची एस.टी. पकडावी असे मलाही वाटले होते. गाव सोडणाऱ्याला आपल्यात काय आहे यापेक्षा काय नाही हेच आधी दिसते. दांदुराँ शेवटी बरोबर ठरले असे म्हणतात. खेळाच्या हिशेबाने ठरलेच. पण मुलाला असे धमकावून नेणे कितपत योग्य होते, हा प्रश्न मला पडतो.

पुढची कीर्ती थोडक्यात सांगतो, कारण ती आकड्यांची आहे. पहिल्याच हंगामात, मार्च १९२४ मध्ये, कॅनेडियन्सनी स्टॅन्ले कप जिंकला. नंतर १९३० व १९३१ मध्येही. १९२९-३० मध्ये हॉवीने ४४ सामन्यांत ४० गोल केले. सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याला १९२८, १९३१ आणि १९३२ अशी तीनदा मिळाली. ती ट्रॉफी ज्यांनी ठेवली ते डॉ. डेव्हिड हार्ट म्हणजे सेसिल हार्ट यांचे वडील. फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलने या इंग्रजीभाषक पोराला आपला मानले. त्याच्या पाठीवरचा ७ हा आकडा लहान मुलांना पाठ होता. सामना हरला की हा माणूस झोपत नसे. मध्यरात्रीनंतरही शहरातले रस्ते तुडवीत राही. पैसा त्याच्या हातात टिकला नाही. घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता.

वेगावर जगणाऱ्याचा वेग ओसरला की काय उरते? १९३४ साली कॅनेडियन्सनी त्याला शिकागोला देऊन टाकले. तेथून १९३६ च्या आरंभी तो न्यू यॉर्कला गेला. ही दोन वर्षे त्याला मानवली नाहीत. १९३६ च्या शरदात सेसिल हार्ट पुन्हा कॅनेडियन्सचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी हॉवीला परत आणले. जुना जोडीदार ऑरेल जोलिआ होता, जुने फोरम होते, जुना ७ आकडा होता. तीस सामन्यांत गोल चारच झाले, पण इतरांना त्याने सोळा गोल करून दिले. लोक पुन्हा उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

२८ जानेवारी १९३७ ची रात्र. सामना शिकागोशी. पकच्या मागे जाताना हॉवी घसरला आणि त्याचा स्केट कुंपणाच्या फळीत रुतला. मागून येणारा अर्ल सायबर्ट त्याच्यावर कोसळला. पाय चार ठिकाणी मोडला. इस्पितळातली त्याची खोली मित्रांनी आणि चाहत्यांनी गजबजून गेली. मद्यही आत येत होते. पण पाय पुन्हा पूर्वीसारखा होणार नाही हे त्याला कळत होते. मनाचा तोल ढळला, भेटी बंद कराव्या लागल्या. ८ मार्चच्या रात्री तो बिछान्यातून उठला आणि कोसळला. रक्ताच्या गुठळीने प्राण घेतला, असे कारण पुढे आले. जोलिआचे मत वेगळे होते. आता खेळता येणार नाही या दुःखानेच तो गेला, असे तो अखेरपर्यंत मानीत असे. वय अवघे चौतीस. मागे पत्नी मेरी आणि लहान मुले.

११ मार्च १९३७ रोजी फोरममध्येच, जेथे तो धावला त्याच जागी मध्यभागी शवपेटी ठेवण्यात आली. पन्नास हजारांच्या आसपास लोकांनी अंत्यदर्शन घेतले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना झाला. ७ हा आकडा कॅनेडियन्सनी कायमचा मिटवला. त्या संघाने असा मान दिलेला हा पहिलाच खेळाडू. १९५० साली कॅनडाच्या पत्रकारांनी त्याची अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ हॉकीपटू म्हणून निवड केली.

वडील गेले तेव्हा मुलगी मार्लीन अगदी लहान होती. तिचे लग्न पुढे बर्नी जॉफ्रिऑन याच्याशी झाले. तोही कॅनेडियन्सचाच नामांकित खेळाडू. त्याचा ५ हा आकडा मिटवण्याचा समारंभ ११ मार्च २००६ रोजी ठरला होता, म्हणजे सासऱ्यांच्या अंत्ययात्रेच्याच तारखेला. त्या दिवशी सकाळी जॉफ्रिऑनचे निधन झाले. तरीही समारंभ झाला. मार्लीन आणि मुले बर्फावर उभी होती. छताखालचे ७ चे निशाण अर्ध्यावर खाली उतरवण्यात आले, ५ चे निशाण त्याच्या शेजारी आणले गेले, आणि मग दोन्ही बरोबरच वर चढवण्यात आली.