भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी (जन्म : १८२२, मांद्रे, गोवा, मृत्यू : ३१ मे १८७४, मुंबई) हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत डॉक्टर, राजकीय चळवळीचे एक आद्य प्रवर्तक, समाजसुधारक आणि प्राच्यविद्यापंडित होते.

शिक्षण व व्यवसाय

घरची परिस्थिती बेताची असतानाही ते बालपणीच मुंबईस आले. त्यांचे बुद्धिबळातील कौशल्य पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, असे सांगितले जाते. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन ते तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधास ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. पुढे ही नोकरी सोडून ते १८४५ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व १८५१ मध्ये तेथील पहिल्या तुकडीतून पदवीधर झाले. स्वतंत्र व्यवसायात त्यांना अल्पावधीतच मोठे यश लाभले. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालविला.

सार्वजनिक कार्य

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. कंपनी सरकारच्या कारभारातील दोष दाखविणारा अर्ज या संस्थेने ब्रिटिश संसदेकडे पाठविला. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. स्त्रीशिक्षणाचेही ते खंबीर पुरस्कर्ते होते.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी १८६२ च्या महाराज अब्रूनुकसानी खटल्यात लागली. करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लिहिले, म्हणून जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर फिर्याद केली. संप्रदायाचे अनुयायी शहरातील धनाढ्य व्यापारी होते. त्यांचा रोष ओढवून घेणे कोणत्याही डॉक्टरला परवडणारे नव्हते. तरीही भाऊ दाजींनी न्यायालयात महाराजांच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. रुग्णाचे गुपित राखावे की समाजापुढे सत्य मांडावे, या पेचात त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. न्या. जोसेफ आर्नोल्ड यांच्या निकालाने करसनदासांची बाजू खरी ठरली.

कुष्ठरोगावरील उपचार

कुष्ठरोग्याला घर आणि गाव दोन्ही पारखे होत, त्या काळात भाऊ दाजींनी या रोगावर औषध शोधण्याचा ध्यास घेतला. कडू कवठ या वृक्षाच्या बियांचे तेल ते वापरीत. अनेक रुग्णांना त्याचा गुण आला. मात्र पूर्ण खात्री झाल्याशिवाय औषध जाहीर करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. या गुप्ततेबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. कारण संशोधन प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. नॉर्वेतील हॅन्सन यांना १८७३ मध्ये या रोगाचा जंतू आढळला, तरी औषध सापडले नव्हते. कडू कवठ व त्याच्या जातीतील चालमोगरा यांची तेले पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर वापरात राहिली.

इतर कार्य व अखेर

गिरनारचा रुद्रदामनचा शिलालेख, अजिंठ्याचे लेख आणि कालिदासाचा काळ यांवरील त्यांचे संशोधन मान्यता पावले. १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांची बहुतेक संपत्ती गेली. अखेरच्या काळात त्यांना पक्षाघाताने ग्रासले. ज्याच्या उभारणीसाठी ते झटले, त्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.