मराठी ओवीत नाताळ सांगणारा इंग्रज : फादर थॉमस स्टीफन्स

बेळगाव : नाताळ जवळ आला की कॅम्प भागात घराघरांवर चांदण्या लागतात. पोरं गवत, माती, पुठ्ठे गोळा करून येशूजन्माचा गोठा उभा करतात. चोर्ला घाटातून गोव्याच्या गाड्यांची ये-जा वाढते आणि नेवऱ्या, दोदोलाचे डबे इकडून तिकडे पोचतात. प्रार्थना मात्र एकाच भाषेत होत नाही. कुठे मराठी, कुठे कोंकणी, कुठे कन्नड, कुठे इंग्रजी. गोठ्यात जन्मलेल्या बाळाची ही गोष्ट मराठी ओवीत इतक्या विस्ताराने कुणी सांगितली, असे विचारले तर उत्तर घाटाखाली सासष्टीत सापडते. सांगणारा माणूस ना गोव्याचा, ना पोर्तुगालचा. तो इंग्लंडचा. नाव थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करत. तो काळ इंग्लंडमध्ये कॅथलिकांसाठी वाईट होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात जुना पंथ धरून राहणे म्हणजे तुरुंगाची वाट. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचे, असे स्टीफन्स यांनी ठरवले होते. पण पाउंड पकडले गेले आणि पुढची कितीतरी वर्षे कोठडीत राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघाचे झाले. श्रद्धेपायी घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला, त्यात ते होते. सहा महिन्यांहून जास्त दिवस समुद्रावर काढून २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. वाटेत हिरड्या सुजण्याच्या रोगाने दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, २७ दगावली. ही सगळी हकिकत त्यांनी १० नोव्हेंबरच्या पत्रात वडिलांना कळवली. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. भारतात राहायला आलेला आणि ज्याची पक्की नोंद आहे असा पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतात. त्यानंतर चाळीस वर्षे ते इथेच राहिले. मायदेशी परत गेलेच नाहीत.

जखमी सासष्टी

त्यांची बहुतेक हयात सासष्टीत गेली. तो मुलूख तेव्हा शांत नव्हता, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, ती याच काळात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडची जी कुटुंबे आजही कुलदैवताला फोंडा तालुक्यात जातात, त्यांना हा इतिहास वेगळा सांगायला नको. जुन्या पोथ्याही लोकांच्या हातून गेल्या होत्या.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत लोकांचा राग उफाळला. येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यांचे देह मिळवून आणण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. नंतर सरकारने गावच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याला बोलावले आणि ठार मारले. दोन्हीकडे रक्त सांडलेल्या या मुलखात पुढची पस्तीसेक वर्षे स्टीफन्स धर्मसेवा करत राहिले. ते ज्या सत्तेच्या आधाराने आले होते ती सत्ता कठोर होती. ते स्वतः मात्र लोकांची भाषा शिकत होते.

त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक नवलाची गोष्ट कळवली. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हाच विचार मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी.

तुरुंगातून बेळगावपर्यंत

१५८३ च्याच अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे सोबती असे इंग्रज व्यापारी होर्मुझहून कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. ओळखीचे कोणी नाही, वर हेरगिरीचा संशय. अशा वेळी स्टीफन्स आपल्या देशवासीयांसाठी धावले. डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, दोन हजार परदांवच्या जामिनावर ते सुटले. ते स्टीफन्स यांच्या पंथाचे नव्हते. ज्या राजवटीमुळे स्टीफन्स यांना देश सोडावा लागला, त्याच राजवटीची ती माणसे. तरी त्यांनी मदत केली.

पुढच्या वर्षी फिच गोव्यातून निसटले आणि आदिलशाही मुलखात शिरले. वाटेत लागलेल्या एका मोठ्या गावी हिरे-माणकांचा बाजार भरतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी दिलेल्या नावावरून ते गाव म्हणजे बेळगाव, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या गावाचे जे वर्णन लंडनमध्ये छापले गेले, त्याच्या मागे कुठेतरी गोव्यातल्या या पाद्रीबाबाची खटपट होती.

पुराण हवे

सासष्टीत जे लोक ख्रिस्ती झाले होते त्यांची एक अडचण होती. आधी घरात, देवळात पुराण ऐकायची सवय. आता ते बंद. नवा धर्म आला, पण संध्याकाळी चार माणसांनी बसून ऐकावे असे काही नव्हते. प्रश्नोत्तरांची शिकवण पाठ करून पोट भरत नव्हते. आम्हाला आमच्या भाषेत पुराण द्या, अशी त्यांची मागणी होती. स्टीफन्स यांनी ती मनावर घेतली.

त्यांनी मराठी ओवी उचलली. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली, एकनाथांनी त्याच शतकात घरोघरी नेलेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ त्यांनी रचला. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचा जन्म, जीवन, मरण आणि पुनरुत्थान. भाषा मराठी, ऐकणाऱ्याला कळावे म्हणून त्यात कोंकणी शब्द मिसळलेले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ग्रंथाची सुरुवात पोथीच्या रीतीने वंदन करून केली आणि मराठी भाषेचे कौतुक तर असे केले, की ते आजही शाळेच्या भाषणांतून ऐकू येते. पुढे तो ग्रंथ ख्रिस्तपुराण याच नावाने ओळखला गेला.

छपाईची वेळ आली तेव्हा नवी अडचण उभी राहिली. नागरी अक्षरांत छापावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांकडे तशी परवानगीही मागितली. पण हिशेब बघा. रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात, आपल्या जोडाक्षरांना आणि काना-मात्रांना सहाशेच्या आसपास लागतात. तो खर्च आणि खटाटोप झाला नाही. शेवटी १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून मराठी पुराण रोमन अक्षरांत बाहेर पडले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. रविवारी आणि सणावाराला चर्चमध्ये त्याचे वाचन होई.

१६१९ साली स्टीफन्स गेले. त्यांचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या माघारी छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान मोठा आहे.

हुकूम निघाला, ओवी राहिली

१६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले. तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा तो हुकूम. झाले काय? भाषा गेली नाही. अनेक कुटुंबे मात्र दक्षिणेला कानडा किनाऱ्यावर उतरली आणि सोबत हे पुराणही गेले. मूळ तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरून ठेवलेल्या प्रतींमुळे. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी तो मंगळूरला छापला. देवनागरीत तो पुण्याहून १९५६ साली आला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनात. स्टीफन्स यांनी रोमकडे मागितलेली नागरी अक्षरे त्यांच्या ओव्यांना अशी साडेतीनशे वर्षांनी मिळाली. २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्कांव यांनी सोप्या मराठी अनुवादासह तो प्रसिद्ध केला, तो बंगळूरहून.

म्हणजे लिहिणारा इंग्लंडचा, लिहिला गोव्यात, सांभाळला कर्नाटकच्या किनाऱ्याने, नागरी केला महाराष्ट्राने. आज पर्वरीला कोंकणीच्या अभ्यासाचे जे केंद्र आहे, त्यालाही थॉमस स्टीफन्स यांचेच नाव आहे.

नाताळची मूळ गोष्ट तरी काय? परगावी आलेल्या जोडप्याला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, गोठ्यात मिळाली. देशाबाहेर पडलेल्या स्टीफन्स यांना जागा मिळाली ती परक्या भाषेत. तिचे उपकार त्यांनी नुसते तोंडाने मानले नाहीत, आयुष्यभर राबून अकरा हजार ओव्यांनी फेडले. आणि ज्यांच्यासाठी ते राबले, त्या साध्या माणसांनी ती पोथी हाताने उतरून, मुलखामुलखांतून नेऊन सांभाळली. भाषा कुणाच्या हुकमाने जात नाही आणि हुकमाने टिकतही नाही. घरात दिवा लागल्यावर जी प्रार्थना होते, ती कुठल्या भाषेत होते यावर सगळे असते. यंदा गोठ्यापुढे मराठीत गीत म्हणताना या माणसाची आठवण निघाली, तर ते योग्यच होईल.