शत्रूच्या लेकरांची कैवारी : एग्लंटाईन जेब

युद्ध थांबलें म्हणजे भूक थांबते असें नाहीं. १९१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत युरोपांतील महायुद्धाच्या तोफा बंद झाल्या; परंतु जर्मनी व ऑस्ट्रिया यांची समुद्रमार्गें केलेली कोंडी विजयी राष्ट्रांनीं त्यानंतर कित्येक महिने उठविली नाहीं. दुधाअन्नावांचून तेथील मुलें झुरूं लागलीं. कित्येकांचे बाप रणांगणावर पडले होते. या पोरक्या, उपाशी लेकरांसाठीं ज्या इंग्रज बाईंनीं स्वदेशीयांचा रोष पत्करला, त्यांचें चरित्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

एग्लंटाईन जेब यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजीं इंग्लंडांतील एल्समिअर येथें सुखवस्तु घराण्यांत झाला. ऑक्सफर्ड येथें शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. पण वर्गाचें काम त्यांना साधेना, प्रकृतीहि साथ देईना, म्हणून तें सोडावें लागलें. पुढें केंब्रिज शहरांतील गरिबांच्या स्थितीची त्यांनीं बारकाईनें पाहणी केली. १९१३ सालीं बाल्कन युद्धांतील निराश्रितांना मदत पोंचविण्यास त्या मॅसिडोनियांत गेल्या. युद्धाचा घाव निरपराध्यांवर कसा बसतो हें त्यांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिलें.

१९१९ सालीं लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत त्यांनीं उपासमारीनें कृश झालेल्या ऑस्ट्रियन बालकाचें चित्र असलेलीं पत्रकें वांटलीं. सरकारी मंजुरी नसल्यामुळें त्यांना पकडण्यांत आलें, आणि न्यायालयानें ५ पौंड दंड केला. परंतु त्यांची कळकळ पाहून सरकारी वकील सर आर्चिबॉल्ड बॉडकिन यांनींच तितकी रक्कम त्यांच्या हातीं ठेविली! या कार्यास मिळालेली पहिली देणगी ती हीच, असें सांगतात.

त्याच वर्षीं १९ मे रोजीं लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें भरलेल्या सभेंत जेबबाई व त्यांची भगिनी डोरोथी बक्स्टन यांनीं ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ हा निधि लोकांपुढें मांडला. कालच्या वैऱ्याच्या पोरांना पैसा कां द्यावा, असा अनेकांचा प्रश्न होता. भुकेल्या मुलाला वैरी कसें म्हणावें, हाच बाईंचा विचार होता. आणि तो हळूहळू लोकांना पटला. रोमचे पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनींहि आपल्या मंडळ्यांतून २८ डिसेंबर रोजीं मध्य युरोपांतील मुलांसाठीं वर्गणी गोळा करण्यास सांगितलें. १९२१ सालीं रशियांत घोर दुष्काळ पडला, तेव्हां तेथील राज्यकर्त्यांचें मत न पाहतां या निधीनें व्होल्गा नदीकांठच्या साराटोव्ह प्रांतांत अन्नछत्रें उघडलीं.

नुसत्या दयेनें पोट भरत नाहीं, हें जेबबाई जाणून होत्या. गरज कोठें किती, याची आधीं चौकशी करावी आणि मग सुव्यवस्थेनें मदत द्यावी, असा त्यांचा आग्रह असे. १९२३ सालीं त्यांनीं बालकांच्या हक्कांचा पांच कलमांचा जाहीरनामा तयार केला. १९२४ सालीं राष्ट्रसंघानें तो मान्य केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९५९ च्या जाहीरनाम्याचें व १९८९ च्या कराराचें मूळ यांतच आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजीं, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षीं, जिनेव्हा येथें त्यांचा अंत झाला.

वाचकहो, समुद्रापलीकडील शत्रु आपणांस कदाचित् भेटणार नाहीं. परंतु भाऊबंदकीनें ज्या घराशीं आपलें बोलणें तुटलें आहे, त्या घरींहि लेंकरूं असतें. तें उपाशी असल्यास त्याच्या पानांत भाकरी पडते काय, हें आपण पाहतों काय?