मेजर थॉमस कँडी आणि मराठीतील विरामचिन्हे

मेजर थॉमस कँडी यांचे कोशकार म्हणून असलेले स्थान सर्वमान्य आहे. मराठी विरामचिन्हांचे प्रवर्तक म्हणून त्यांनी केलेले कार्य मात्र इतके अंगवळणी पडले आहे की, त्याचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. सार्वजनिक फलकांवरील चिन्हदोषांची मीमांसा करताना या कार्याकडे वळणे आवश्यक ठरते.

कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८२२ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि कंपनीच्या लष्करात दुभाष्याचे काम करू लागले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या (१८३१) सिद्धतेत त्यांचा व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांचा सहभाग होता. १८३७ मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आली. मोल्सवर्थ स्वदेशी परतल्यामुळे अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश त्यांनी १८४७ मध्ये पूर्ण केला. पुढे सरकारी भाषांतरकार या नात्याने शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली.

तत्पूर्वीचे मोडी लेखन सलग असे. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. पोथ्यांतील दंड मुख्यतः पद्याचे चरण दाखवी. लेखन मोठ्याने वाचले जाई आणि विराम वाचणाऱ्याच्या आवाजात असे. छापील पुस्तक मनात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा आधार उरला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कँडी यांनी इंग्रजीतील चिन्हे मराठीत आणली व त्यांचे नियम ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तिकेत मांडले. क्रमिक पुस्तकांमुळे ती रूढ झाली. कँडी यांच्या देखरेखीमुळे मराठीला इंग्रजी वळण लागले, हा आक्षेप पुढे घेतला गेला. तथापि आक्षेपकांनीही आपले गद्य याच चिन्हांनिशी लिहिले. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले.

चिन्हे रुजली ती पुस्तकात. फलकावर ती बव्हंशी शोभेपुरती राहिली. याचे एक कारण मराठीच्या रचनेत आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने पूर्णविराम नसला तरी वाक्य संपल्याचे कळते. ‘थांबू नका पुढे सरका’ या सूचनेत स्वल्पविराम गळला तरी ‘थांबू’ हे रूपच नकार कोणत्या क्रियेचा आहे ते सांगते. साहजिकच रंगाऱ्याला व वाचकाला चूक जाणवत नाही. ‘सूचना’ या शब्दाला चिकटवलेला अपूर्णविराम विसर्गासारखा दिसतो, तोही खपून जातो.

परंतु भाषेचे हे अंगभूत साहाय्य सर्वत्र पुरत नाही. ‘वृद्ध, स्त्रिया व मुले यांच्यासाठी राखीव’ या फलकावरील स्वल्पविराम गळला, तर ‘वृद्ध’ हे विशेषण होते. मग वृद्ध पुरुषाचा आणि तरुण स्त्रीचा त्या आसनावरील हक्क शब्दशः नाहीसा होतो. येथे चिन्ह अर्थाचाच भाग आहे.

कँडी यांच्या कार्याचे मर्म आणि त्याची मर्यादा येथे एकत्र दिसतात. वाचकासमोर लेखक नसतो, तेव्हा त्याच्या आवाजाचे काम चिन्हाने करावयाचे असते, हे त्यांनी ओळखले. फलक हे तर लेखकाविना उभे असलेले लेखन होय. मात्र ही चिन्हे इंग्रजी वाक्याच्या गरजांतून घडलेली होती. मराठी वाक्याला त्यांपैकी कोणते चिन्ह कोठे अपरिहार्य आहे, याचा विवेक शिकवणे हे कँडी यांच्यानंतरच्या अध्यापकांचे काम होते. ते आजही संपलेले नाही.