लिंगोचे गीत आणि हिस्लॉपची वही

शहापूरहून नागपूरला शिकावयास गेलेल्या आपल्या भागातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना हिस्लॉप हे नाव ठाऊक आहे ते एका महाविद्यालयाचे म्हणून. १८८३ साली त्या महाविद्यालयाला ज्याचे नाव देण्यात आले, तो माणूस त्यापूर्वी वीस वर्षे कालवश झाला होता. भंडारा, नागपूर आणि चांदा ह्या मुलखातील गोंडांची महागाथा प्रथम कागदावर उतरविणारा तो हाच, ही गोष्ट मात्र त्याच्या नावाच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच माहीत असेल.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स ह्या गावी झाला. १८४५ च्या आरंभी फ्री चर्चचा पाद्री म्हणून तो नागपुरास आला, तेव्हा गादीवर भोसले होते. पुढल्याच वर्षी त्याने शाळा काढली. धर्मप्रसार हा त्याच्या येण्याचा हेतू होता. तो झाकण्याचे कारण नाही आणि त्याने स्वतःही तो कधी झाकला नाही. परंतु माणसाची जिज्ञासा त्याच्या नेमणुकीपेक्षा मोठी असू शकते. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह त्याने नागपूरजवळच्या टाकळी परिसरात जीवाश्म हुडकले. इथल्या भूस्तरांवर लिहिलेले त्यांचे निबंध लंडनच्या भूवैज्ञानिकांनी छापले, आणि एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट असे नाव मिळाले.

दगडांकडे पाहण्याची ही नजर त्याने भाषेकडेही वळविली. गोंडी ही मराठी-हिंदीच्या शेजारात नांदणारी, पण कुळाने तेलुगू-तमिळांची बहीण. नागर लोक तिला रानटी बोली समजत. हिस्लॉपने गोंडी, कोरकू, कोलामी अशा बोलींचे शब्द शेजारी शेजारी मांडून तक्ते केले. आणि ह्याहून मोलाचे काम म्हणजे लिंगोचे गीत. परधान हे गोंडांचे परंपरागत गाथागायक. यजमानाच्या दारी किंगरी वाजवीत कुळाची आणि देवांची कथा सांगणे हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. अशा परधानाच्या मुखातून हिस्लॉपने सुमारे हजार ओळींची गाथा मिळविली. तिच्यात फुलातून जन्मलेला लिंगो आहे, महादेवाने गुहेत कोंडलेले गोंड आहेत, त्यांच्या सुटकेसाठी लिंगोने दिलेली अवघड परीक्षा आहे आणि अखेरीस त्याने लावून दिलेली कुळांची व देवपूजेची व्यवस्था आहे. हिस्लॉपने केवळ इंग्रजी सारांश लिहून समाधान मानले नाही. मूळ गोंडी शब्द त्याने रोमन लिपीत जसेच्या तसे टिपले. माझ्या मते त्याचे खरे मोठेपण येथे आहे. सारांश हा लिहिणाऱ्याचा असतो, शब्द मात्र बोलणाऱ्याचे राहतात.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला असता, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. मागे राहिलेल्या त्याच्या कागदांवरून मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली नागपुरात ग्रंथ सिद्ध केला. पाच वर्षांनी फोर्साइथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्यातील गाथा अमेरिकन कवी लाँगफेलोच्या छंदात इंग्रजीत रचून आपल्या पुस्तकात घातली. लिंगो असा विलायतेला गेला; गोंडाच्या अंगणात ते पुस्तक कोण नेणार होते?

ह्या टिपणाला मर्यादाही होत्या. ध्वनिमुद्रणाचे यंत्र निघाले १८७७ साली. त्यामुळे हिस्लॉपच्या वहीत शब्द आले, पण किंगरीचे स्वर, गायकाने घेतलेला थांबा, श्रोत्यांचा हुंकार हे सारे बाहेरच राहिले. शिवाय तोंडी गाथा गायकागणिक आणि मुलखागणिक बदलते. १९४० च्या दशकात फ्यूरर-हायमेंडॉर्फ ह्यांनी आदिलाबादच्या राजगोंडांत ऐकलेल्या कथांची घडण निराळी होती. तेव्हा एका परधानाने एके काळी जे सांगितले, तेच सगळ्या गोंडांचे वेदवाक्य, असे छापील पानाच्या मोहाने समजणे चूक ठरेल. आपल्याकडे छापले गेले की ते प्रमाण मानण्याची खोड जुनीच आहे!

हे पडताळण्यास फार दूर जावयास नको. १९९९ पर्यंत आपल्या जिल्ह्यात असलेल्या आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंड कोंडले गेले ते इथेच, ह्या श्रद्धेने माघी पौर्णिमेला निरनिराळ्या राज्यांतून लोक तेथे येतात. तेथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत हिरासुका पाटालीर हा किंगरीवादक गुहेच्या तोंडावरची धोंड सरकवतो आणि तिच्याच खाली सापडतो. बंदिवान सुटतात, गायक मात्र दगडाखाली राहतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख भरले. गोंड समाजाची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे, म्हणजे बहुसंख्यांच्या घरातून ती भाषा निघून गेली आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही तिला अद्याप जागा मिळालेली नाही. आपल्या शाळांत गोंड मुले मराठीत शिकतात आणि परीक्षाही मराठीतच देतात. हिस्लॉपच्या वहीतील त्या हजार ओळी रोमन लिपीतून देवनागरीत उतरवून वर्गात वाचावयास घेतल्या, तर त्यातला एखादा शब्द आपल्या आजीचा म्हणून ओळखणारे मूल मागल्या बाकावर अजून सापडेल. हिस्लॉपचे नाव इमारतीवर आहे. ज्याच्या तोंडचे ते शब्द, त्या परधानाचे नाव मात्र कोणाच्याही ओठी नाही.