धर्म बदलला, पण मिशनऱ्यांनाही मालक मानलं नाही : रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट

सावेडीतून मनमाड रस्त्याला लागलं की तासाभरात राहुरी येतं. आज राहुरी म्हटलं की कृषी विद्यापीठ आठवतं, ऊस आठवतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच राहुरीत एका बाईनं एक निर्णय घेतला होता. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा तो निर्णय. आज ऐकायला साधा वाटतो. त्या काळात एवढ्या एका गोष्टीवर माणसाचं घर, नाती आणि जात सगळं ठरत होतं.

त्या बाईंचं नाव लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. आणि हा प्रश्न ज्यांच्यामुळे त्यांच्या दारात आला ते त्यांचे पती, नारायण वामन टिळक.

शाळेच्या पुस्तकातून टिळक आपल्याला भेटतात ते फुला-मुलांचे कवी म्हणून. पण त्यांचं आयुष्य नीट बघितलं तर त्यात एक भांडण सतत चालू दिसतं. माणसाच्या श्रद्धेवर हुकूम कुणाचा चालणार? शास्त्रीबुवांचा, जातीचा, चर्चचा की त्या माणसाचा स्वतःचा?

आधी त्या काळातला माहोल समजून घेऊ

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. १८८० मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

त्या काळात धर्मगुरूंची सत्ता किती खोल होती हे बघायचं असेल तर पुण्यातलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण बघावं. १८९० मध्ये पुण्यातली काही नामवंत मंडळी मिशनमधल्या एका कार्यक्रमाला गेली. तिथं चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. हायकोर्टाचे न्यायाधीश होऊ घातलेले महादेव गोविंद रानडे यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. लोकमान्य टिळकही यातून सुटले नाहीत.

एका कप चहानं एवढं झालं. मग पुढचा प्रश्न असा येतो की एखाद्यानं धर्मच बदलला तर?

रेल्वेच्या डब्यातली भेट

नारायण टिळक एका जागी टिकणारे नव्हते. शिक्षकी केली, कीर्तनं केली, कविता लिहिल्या. नागपुरात असताना 'ऋषी' नावाचं धार्मिक नियतकालिक चालवलं. शास्त्रांचा अभ्यास दांडगा होता. पण जातिभेद काही त्यांच्या गळी उतरत नव्हता. जात नसलेला, मूर्तिपूजा नसलेला नवा धर्म आपणच मांडावा, असंही त्यांच्या मनात घोळत होतं.

याच काळात नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी. दोघांच्या कवितेवर गप्पा झाल्या, धर्मावर झाल्या. उतरताना वॉर्डनं त्यांना बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले.

पण निर्णय लगेच झाला नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे आपल्या माणसांत मरणं, हे त्यांना माहीत होतं. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट आहे. हा बाप्तिस्मा त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, तर भारतीय पाळकाच्या हातून घेतला. धर्म नवा घेतला, पण तो परदेशी साहेबाकडून मिळालेली देणगी आहे, असं चित्र त्यांना नको होतं. पुढच्या चोवीस वर्षांची दिशा त्या एका आग्रहात दिसते.

किंमत कुणी मोजली?

टिळकांनी आपल्या मनाचं ऐकलं. इथं अनेक लेख थांबतात. पण त्या निर्णयाची सगळ्यात मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली.

नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तिच्या समाजाच्या लेखी तो मेल्यात जमा. आणि नवरा जिवंत असल्यामुळे ती विधवाही नाही. पदरात लहान मुलगा दत्तू. त्या पंढरपूरला नातेवाइकांच्या आश्रयानं राहिल्या. नवरा-बायकोची ताटातूट चार-साडेचार वर्षं चालली. नवऱ्यानं निर्णय घेताना त्यांना विचारलं नव्हतं. जातीनं शिक्षा देतानाही त्यांना विचारलं नाही.

शेवटी त्या मुलाला घेऊन टिळकांकडे अहमदनगरला आल्या. आल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. त्यांचं सोवळं चालू, स्वयंपाक वेगळा. घरात एकीकडे ख्रिस्ती उपदेशक आणि दुसरीकडे सोवळ्यातली बायको, असा संसार सुरू झाला. टिळक तापट होते, वादही व्हायचे. पण त्यांनी लक्ष्मीबाईंवर बाप्तिस्मा लादला नाही.

मग राहुरीचे दिवस आले. छप्पन्नाच्या दुष्काळाचे, म्हणजे १८९९-१९०० चे. अनाथ पोरं, भुकेली माणसं, सगळ्या जातींची. लक्ष्मीबाई विचार करत होत्या की देवानं माणसं केली, मग जाती कुणी केल्या? आणि एक दिवस त्यांनी जातिभेद सोडला. यापुढे कुणाच्याही हातचं खाईन, असं ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये घेतला.

हा क्रम लक्षात घ्या. आधी त्यांचं मन बदललं, मग धर्म बदलला. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या निर्णयामुळे आयुष्य उलटंपालटं झालेल्या बाईनं हा निर्णय मात्र स्वतः घेतला.

नगर आणि मिशन

अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. शाळा, वसतिगृहं, दुष्काळातली मदत, धर्मशिक्षणाचं विद्यालय असा मोठा पसारा. टिळक इथं डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासोबत काम करू लागले. होतकरू पाळकांना शिकवू लागले. १९०४ मध्ये ते स्वतः दीक्षित पाळक, म्हणजे रेव्हरंड झाले. पुढे 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे आलं.

पण टिळकांना चर्चमध्ये बसल्यावर काहीतरी खटकायचं. सूर परदेशी, वाद्यं परदेशी, गाणी इंग्रजीवरून उतरवलेली. ज्या मराठी माणसाच्या कानात अभंग आणि ओवी मुरलेली आहे, त्यानं देवाशी बोलताना परका सूर का लावायचा? टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तन उभं केलं. आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणण्यात तुकोबांचा वाटा आहे, हे ते मोकळेपणानं मान्य करायचे. 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातली त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

त्यांच्या घराचं दारही असंच उघडं होतं. बालकवी ठोंबरे हे या घरात पोटच्या मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ती पाळकाच्या घरात एक हिंदू तरुण कवी मुलासारखा राहतो आणि धर्म बदलण्याची अट आड येत नाही, हे त्या काळात दोन्ही बाजूंच्या कर्मठांना न पचणारं होतं.

मिशनऱ्यांशी काय बिनसलं?

तर विषय असा होता की मिशनमध्ये पैसा अमेरिकेतून येई. त्यामुळे कुठं शाळा काढायची, कुणाला पगार द्यायचा, कुणाची बदली करायची, यात शेवटचा शब्द मिशनऱ्यांचा. भारतीय पाळक पगारी नोकर. त्याच्या मंडळीतला साधा ख्रिस्ती माणूस तर त्याहून खाली. त्याची शाळा मिशनची, नोकरी मिशनची, अनेकदा राहायची जागाही मिशनची. मग अशा माणसानं मिशनऱ्याशी मतभेद कसा दाखवायचा?

टिळकांचं दुखणं हे होतं. ब्राह्मणांच्या हुकुमातून सुटलेला माणूस साहेबाच्या हुकुमात जाणार असेल तर त्यानं मिळवलं काय? मिशनऱ्यांनी मायबाप होणं थांबवावं आणि भाऊ व्हावं, ही भूमिका त्यांनी उघडपणे मांडली. तीही मिशनचेच पाळक असताना.

मिशनऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. दुष्काळात हजारो माईल लांबून पैसा आणणारे तेच होते. देणगीदारांना हिशेब त्यांनाच द्यावा लागे. ह्यूम यांच्यासारखे मिशनरी टिळकांचे स्नेही होते, त्यांचं मोठेपण जाणत होते. पण स्नेह असणं आणि निर्णयात बरोबरीचा वाटा असणं यात फरक आहे. टिळक दुसरी गोष्ट मागत होते.

असाच झगडा टिळकांच्या आधी पंडिता रमाबाईंनी केला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या धर्मभगिनींनी काय मानायचं, कसं वागायचं याचे धडे द्यायला सुरुवात केली. रमाबाईंनी ठणकावून सांगितलं की आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या स्वाधीन केलेली नाही. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्याचा गाभाच हा होता की निर्मिक आणि माणूस यांच्यात दलाल नको.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत साथ देत नव्हती, हाती साठवलेलं काही नव्हतं. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला.

कल्पना साधी होती. ख्रिस्तावर प्रेम करणारा कुणीही इथं येऊ शकतो. बाप्तिस्मा घेतलेला असो किंवा नसो. आपला समाज सोडलेला असो किंवा त्यातच राहिलेला असो.

हे साधं वाटतं, पण चर्चच्या सत्तेच्या दृष्टीनं ते मुळावर येणारं होतं. बाप्तिस्मा हे चर्चचं दार आणि त्या दाराची किल्ली पाळकाकडे. आत कोण, बाहेर कोण, हे तोच ठरवणार. टिळक म्हणत होते की हे ठरवण्याचा अधिकार पाळकाचा नाही. त्यामुळे अनेक ख्रिस्ती मंडळींना हा प्रकार रुचला नाही. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती कसा, नियमाशिवाय मंडळी टिकणार कशी, हे त्यांचे प्रश्न होते.

त्यातला दुसरा प्रश्न खरा ठरला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. संस्थेची सत्ता नाकारणारा माणूस संस्था मागे ठेवू शकला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्यही अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी.

हा प्रश्न जुना झालाय का?

अजिबात नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. धार्मिक कारणावरून समाजाबाहेर काढणं हा धर्माच्या कारभाराचाच भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. हा निकाल फेरविचारासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, कारण जातपंचायती माणसांना वाळीत टाकतच होत्या.

कायदा काय करू शकतो? वाळीत टाकणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. पण माणसाची शाळा, नोकरी, लग्न, अंत्यसंस्कार सगळं एकाच धर्मगुरूच्या किंवा पंचायतीच्या हाती असेल तर तक्रार करायलाही धाडस लागतं. टिळकांना हे मिशनमध्ये दिसलं होतं. म्हणूनच धर्मगुरूकडे सल्ला मागणं आणि धर्मगुरूच्या उपकाराखाली जगणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. पहिली त्यांना मान्य होती. ते स्वतः पाळक होते, उपदेशक होते. दुसरी त्यांनी आधी जातीच्या बाबतीत नाकारली आणि मग चर्चच्या बाबतीतही.

आणि त्यांच्या गोष्टीतली सगळ्यात अवघड ओळ मात्र त्यांच्याच घरात आहे. स्वतःच्या श्रद्धेचा मालक झालेल्या या माणसानं बायकोला मात्र त्या निर्णयात धरलं नव्हतं. ती चूक भरून निघायला पाच वर्षं लागली, आणि ती भरून निघाली ती उपदेशानं नाही. लक्ष्मीबाईंना त्यांच्या सोवळ्यासकट घरात राहू दिलं गेलं आणि राहुरीत त्यांचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला, तेव्हा.