लक्ष्मीबाई टिळक : संसाराच्या चिंतेत लाभलेली शांती

घरोघरी भेटी देताना आमच्या कानी एक गाऱ्हाणे वारंवार येते. कर्ज, आजारपण, मुलांची काळजी यांतून प्रार्थनेत मन रमत नाही, असे पुष्कळजण सांगतात. अशा वेळी आम्हांस नाशिक जिल्ह्यातीलच एका गृहिणीचे स्मरण होते. लक्ष्मीबाई टिळक आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. त्यांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी होता. तरीही त्यांचे चरित्र आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी जाणून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात वापरला जात नसे. बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी, विद्वान आणि कमालीचे उदार. नोकरी एका जागी टिकत नसे आणि पैसा हाती राहत नसे. घरात उद्या काय शिजवायचे, ही चिंता अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याची.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. (नावावरून आमच्या नांदगावकरांचा घोटाळा होतो, ते गाव छत्तीसगडात आहे.) १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असूनही संसार मोडलेला, पदरी लहानगा दत्तू, आधार नातलगांचा आणि भोवती लोकांच्या नजरा. ही ताटातूट काही वर्षे चालली.

पुढे त्या पतीजवळ अहमदनगरला आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळेही कायम. माणसांतील उच्चनीचता देवाने केली की माणसाने, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर त्यांना कोणी वादात जिंकून दिले नाही. ते त्यांनी स्वतःच शोधले आणि १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर त्यांच्या चिंता मिटल्या, असे कोणी समजू नये. दुष्काळाने अनाथ केलेली मुले दारी आली, नगरला प्लेगची साथ आली. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, म्हणजे वेतनही गेले. १९१९ च्या मे महिन्यात टिळकही गेले.

बदलले होते ते वेगळेच. विटाळाच्या भयाने ज्या हातांनी एकेकाळी आपले पाणी वेगळे ठेवले होते, तेच हात आता परक्या पोरांना जवळ घेत होते आणि रोग्यांची सेवा करीत होते. उत्तरायुष्यात लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीवरील राग, भांडणे, उपासमार यांतले काहीच लपविलेले नाही. मात्र ते सारे हसत हसत सांगितले आहे. आमच्या मते हे हसू म्हणजेच त्यांना लाभलेल्या शांतीची खूण. कडवटपणा उरलेल्या माणसाला असे हसता येत नाही.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि शुद्धलेखन कधीच नीट न जमलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे प्रभू येशूचे काव्यमय चरित्र हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय रचून पुढे नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.